बटणावरचे १६० आणि आतले १८०: कन्व्हेक्शन ओव्हनचा दहा महिन्यांचा अनुभव

राखीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी नानकटाईचे दोन ट्रे कन्व्हेक्शन, म्हणजे पंख्याच्या ओव्हनमध्ये ठेवले आणि पंधरा मिनिटांनी दार उघडले, तेव्हा वरच्या ट्रेमधील नानकटाई करपलेली होती आणि खालच्या ट्रेमधील अजून पांढरीच होती. दहा महिन्यांत असे एकदाही घडले नव्हते. कान देऊन ऐकल्यावर कळले की मागच्या भिंतीतला पंखा फिरत नाही, नुसता गुणगुणतो आहे. त्यानंतर सेवा केंद्राशी जो वाद झाला त्याविषयी पुढे लिहितेच. परंतु हा ओव्हन घ्यावा की घेऊ नये असे विचारणाऱ्या गावातल्या बायकांना मी जे सांगते, ते आधी सविस्तर लिहिणे मला अधिक आवश्यक वाटते.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात आहे. कापूस विकल्यानंतरच मोठी खरेदी करायची हा आमच्या घरचा नियम, आणि तो मोडून आम्ही गेल्या दिवाळीच्या आधी हा २००० वॉटचा ओव्हन घेतला, त्यामुळे प्रत्येक वापराचा हिशेब मी पहिल्या दिवसापासून मीटर पाहून वहीत लिहिला आहे. स्वयंपाकघरात साधा ६ अँपिअरचा सॉकेट होता. २००० वॉटचे उपकरण २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह घेते, त्यामुळे १६ अँपिअरचा सॉकेट आणि जाड वायर वेगळी ओढून घ्यावी लागली. हा खर्च दुकानदार सांगत नाही. तो ओव्हनच्या किमतीतच धरावा.

पहिला महिना निराशेचा गेला. सासूबाई मारुतीच्या रोडग्यांसाठी, म्हणजे गोवऱ्यांच्या आरात भाजायच्या कणकेच्या गोळ्यांसाठी, कणीक जशी भिजवतात तशीच, गव्हाच्या जाडसर पिठाची आणि मोहन घातलेली, मी भिजवली. एकात एक पाऱ्या घालून रोडगे वळले आणि २०० अंशांवर ठेवले. वीस मिनिटांत वरचे कवच दगडासारखे झाले आणि फोडून पाहिले तर आतल्या पाऱ्या कच्च्या. तेव्हा मी वहीत लिहिले की हे यंत्र आपल्या पदार्थांसाठी नाही. ते मत मला पुढे बदलावे लागले.

साध्या ओव्हनमध्ये पदार्थाभोवती हवेचा एक थंडसर थर टिकून राहतो. पंखा तो थर सतत उडवून लावतो, म्हणून उष्णता लवकर पोचते आणि वरचा ओलावाही लवकर सुकतो. याच कारणाने साध्या ओव्हनसाठी लिहिलेली कृती येथे वापरताना तापमान १५ ते २० अंशांनी कमी करावे लागते आणि पदार्थ वेळेच्या थोडा आधीच पाहावा लागतो. गोवऱ्यांच्या आरात रोडगा राखेने झाकलेला असतो, त्याला वारा लागत नाही. येथे त्याला सतत गरम वारा लागतो. हे ध्यानात आल्यावर मी रोडगे आधी इडलीपात्रात पंधरा मिनिटे वाफवून घेतले, त्यांना तूप चोळले आणि मग मंद आचेवर भाजले. ते आतपर्यंत शिजले आणि बोटांनी सहज फुटले. धुराचा वास मात्र ओव्हन देत नाही, म्हणून जळती गोवरी वाटीत घेऊन, तिच्यावर तूप सोडून, रोडग्यांच्या डब्यात दोन मिनिटे झाकून ठेवते. सासूबाईंनी पहिला घास घेऊन मान डोलावली. त्यांची ती मान माझ्यासाठी महत्त्वाची होती.

तरीही रव्याचा केक दर वेळी मधोमध फुगून तडकत होता. हे माझ्या मनातून जाईना, कारण कुकरमध्ये रेतीवर केलेला माझा केक कधी तडकत नसे. कडा आणि वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो, मधला भाग मागाहून फुगतो आणि पापुद्रा फोडून वर येतो, म्हणजे आच जास्त आहे, हे उघड होते. पण मी तर बटण १६० वरच ठेवत होते. शेवटी साखरेची परीक्षा केली. साखर सुमारे १८६ अंशांना वितळते. ओव्हन तापल्यावर चमचाभर साखर फॉइलच्या वाटीत पंधरा मिनिटे ठेवली, तर १८० वर ती कोरडी राहायला हवी आणि १९० वर तिचे पाणी व्हायला हवे. माझ्या ओव्हनमध्ये बटण १६० वर असताना साखर कोरडी राहिली आणि १७० वर वितळली. याचा अर्थ बटणावरच्या आकड्यापेक्षा आतली उष्णता १६ ते २६ अंशांनी जास्त आहे. मी ती सरासरी २० धरते.

या एका दोषाविषयी मी इतके लिहिते आहे, कारण बाकी सगळे त्याच्यावर अवलंबून आहे. कृतीत १८० असेल तर पंख्यासाठी १६०, आणि बटणाच्या चुकीसाठी १४०. हे दोन्ही वजा केल्यापासून एकही केक तडकला नाही. सोबतच्या पुस्तिकेतल्या कृती मात्र १८० वरच छापलेल्या आहेत, आणि त्या जशाच्या तशा करणारी बाई पीठ, तूप, साखर आणि वीज वाया घालवून दोष स्वतःच्या हाताला देते, याचे मला फार वाईट वाटते.

दुसरी अडचण विजेची आहे, आणि ती शहरातल्यांना सहसा येत नाही. रब्बीत ओलिताचे पंप सुरू झाले की संध्याकाळी आमच्या फ्रीजच्या स्टॅबिलायझरवर १७० व्होल्ट दिसतात. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून १७० व्होल्टवर २००० वॉटचा ओव्हन जेमतेम ११०० वॉट देतो. दुपारी बारा मिनिटांत तापणाऱ्या ओव्हनला संध्याकाळी पंचवीस मिनिटे लागतात, आणि दार एकदा उघडले की गेलेली उष्णता लवकर भरून येत नाही. याचा सर्वांत मोठा फटका संत्र्याच्या केकला बसला. संत्र्याचा रस आंबट असतो. तो खाण्याच्या सोड्यात मिसळताच वायू सुटू लागतो, आणि ओव्हन तापण्याची वाट पाहत पीठ तसेच राहिले तर तो वायू निघून जातो. आता मी रस वेगळा ठेवते आणि तापल्याची खूण म्हणून दिवा विझल्यावरच तो पिठात घालते. शक्यतो केक दुपारीच करते.

ज्या गोष्टीसाठी पंख्याचे मोल खरोखर कळते ती म्हणजे दोन ट्रे एकाच वेळी भाजणे. नानकटाई बटण १४० वर साधारण अठरा मिनिटांत दोन्ही ट्रेंमध्ये सारखी होते आणि ओव्हन तापवण्यासह माझ्या मीटरवर पाऊण युनिट पडते. मे महिन्यात मात्र तूप हातातच पातळ होते, म्हणून वळलेले गोळे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावे लागतात, नाहीतर ते पसरून एकमेकांना चिकटतात. दोन किलो शेंगदाणे एका थरात पसरून बटण १३० वर भाजले, तर कढईजवळ उभे राहावे लागत नाही आणि एकही दाणा काळा पडत नाही. नुसत्या ज्वारीच्या पिठाची बिस्किटे हातात घेताच भुगा होतात, म्हणून तिसरा हिस्सा कणीक मिसळते. बटर पेपरचे कोपरे पंख्याने उडून पदार्थावर येतात. त्यांवर ट्रेच्या चारही कोपऱ्यांत चमचे ठेवावेत.

सांबारवडी (सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर) मी दोनदा तेलाचा हात लावून भाजली. वरचे पीठ खारीसारखे कोरडे होते आणि आतल्या सांबाराचा ओलसर मसाला त्याच्यापासून सुटा पडतो. ती तळूनच करावी. भरताचे वांगे सालासकट छान मऊ होते, पण पाऊण तास वीज जाळूनही चुलीतल्या वांग्याचा वास येत नाही, म्हणून ते मी पुन्हा केले नाही.

आता सेवा केंद्राविषयी. वॉरंटी वर्षाची असताना मला प्रथम सांगण्यात आले की ओव्हन अमरावतीला स्वतःच्या खर्चाने आणून द्यावा. नंतर सांगण्यात आले की कमी व्होल्टेजमुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही. मी पुस्तिकेची सगळी पाने वाचली. असा नियम त्यात कोठेही नाही. मी तसे लेखी कळवले, बिलाची प्रत जोडली आणि प्रत्येक फोनची तारीख व वेळ लिहून ठेवली. अठरा दिवसांनी, पोळा होऊन गेल्यावर, एक तरुण कारागीर आमच्या गावी आला. त्याने मागचे पत्र्याचे झाकण काढून दाखवले, तर पंख्याच्या दांड्यावर तुपाची वाफ बसून काळा चिकट थर झाला होता आणि मोटर तापून गेली होती. त्याने मोटर विनामूल्य बदलली आणि आतली जाळी दर महिन्याला ओव्हन थंड असताना, प्लग काढून, कोमट पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसण्यास सांगितले. ही एक ओळ पुस्तिकेत असती तर माझे अठरा दिवस वाचले असते. मुलगा कामात चोख आणि बोलण्यात नम्र होता, त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

बटणाच्या चुकीविषयी मात्र त्याने सांगितले की एवढा फरक कंपनी मान्य धरते आणि त्यासाठी भाग बदलून मिळत नाही. तो गेल्यावर मी पुन्हा साखर ठेवून पाहिली. १६० वर कोरडी, १७० वर वितळलेली. मग बटणाभोवती पांढऱ्या चिकटपट्टीचे कडे लावले, छापील १४० च्या जागी १६० आणि १६० च्या जागी १८० असे आकडे त्यावर पेनाने लिहिले, आणि त्याच संध्याकाळी नानकटाईचे दोन ट्रे पुन्हा आत ठेवले.