भावना-कार्डांचा संच, पहिली ते चौथीसाठी

नागपुरात बर्डीवर शैक्षणिक साहित्याच्या दुकानात मिळणारा हा संच वर्गात खरंच कामाचा आहे, पण सगळी 24 कार्डं एकदम वाटू नका. पहिल्या आठवड्यात आनंद, राग, भीती, दुःख ही चारच पुरेत. परिपाठानंतर मुलाने एक कार्ड उचलायचं आणि ‘मला राग आला, कारण...’ हे वाक्य पूर्ण करायचं. लाजरी मुलं गप्प बसतात, कारण सगळा वर्ग बघत असतो. त्यांना आधी जोडीत बोलू द्या. नुसत्या ‘शाब्बास’पेक्षा ‘पेन्सिल तुटली तरी चित्र पूर्ण केलंस’ असं नेमकं कौतुक करा, आत्मविश्वास त्यानेच वाढतो. रागाचा चेहरा मात्र फार भेसूर काढलाय. राग येणंच वाईट, असं मुलांना वाटतं. कागदही पातळ आहे, लॅमिनेशन करूनच वापरा.