बुटकी मुलगी: थांबायचं की कॅरिओटाइप?

तालुक्याला दवाखाना असलेल्या मैत्रिणीचा फोन आला. 8 वर्षांची मुलगी, वर्गात सगळ्यांत बुटकी, कान सारखा फुटतो. ‘सहा महिने उंची मोजत थांबू, की टर्नरसाठी कॅरिओटाइप पाठवू?’ टर्नर म्हणजे मुलीत दुसरं X गुणसूत्र नसणं किंवा अपुरं असणं; कॅरिओटाइप म्हणजे रक्तातल्या पेशींची गुणसूत्रं पाहणारी तपासणी.

खर्चात थांबणं स्वस्त, वाढीचा तक्ता पुरतो. कॅरिओटाइपला काही हजार रुपये आणि दोन-तीन आठवडे लागतात. त्रास एका सुईचा.

खरा फरक वेळेत पडतो. ग्रोथ हार्मोन लवकर सुरू झालं तर उंचीला जास्त फायदा होतो. टर्नरमध्ये असू शकणारा महाधमनीचा (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीचा) दोष तर बाहेरून दिसतही नाही. निदान झालं की इको (हृदयाची सोनोग्राफी) होतोच. टर्नरची ओळखीची खूण, मानेला कातडीची घडी, नाही म्हणून निर्धास्त राहू नका, मोझेइक मुलींत (ज्यांच्या काही पेशींतच हा दोष असतो) खुणा पुसट असतात. मी मूठ वळायला सांगते: चौथ्या बोटामागचं हाड आखूड असेल तर तिथे खळगा दिसतो.

आईवडीलही बुटके, मुलगी तक्त्यावरची आपली रेषा धरून वाढतेय, एकही खूण नाही, तर थांबा. रेषा घसरतेय किंवा घराण्याच्या मानाने उंची कमी आहे, तर आजच रक्त पाठवा आणि किमान 30 पेशी तपासायला सांगा. या मुलीचं पाठवच, असं मी मैत्रिणीला सांगितलं.