रेझिनला रंग: मायका पावडर की लिक्विड पिगमेंट?

भुसावळची भाची रेझिनच्या राख्या करतेय. रेझिन म्हणजे हार्डनर नावाचं दुसरं द्रव मिसळलं की कडक होणारं पातळ द्रव. परवा फोन आला, "मावशी, कुठला रंग घेऊ आणि किती टाकू?"

आधी प्रमाण. मायका (अभ्रकाची चमकदार पूड) असो की लिक्विड पिगमेंट (पातळ रंग), दोन्ही काट्यावर मोजायचे, नजरेच्या अंदाजानं नाही. रेझिन-हार्डनर मिळून 100 ग्रॅम असेल तर लिक्विड 2-3 ग्रॅम पुष्कळ झालं. मायका 5 ग्रॅमपर्यंत चालते. लिक्विड जास्त झालं की तुकडा नीट कडक होत नाही. माझ्या एका गडद निळ्या कोस्टरवर (कपाखाली ठेवायच्या चकतीवर) आठवड्यानंतरही नखाचा खड्डा उमटत होता. फार वाईट वाटलं होतं.

लिक्विड थेंबात पसरतं, म्हणून पुरवठ्याला येतं. टूथपिकच्या टोकानं घ्यावं, आधी रेझिनमध्ये मिसळावं, मग हार्डनर. मायकाची झळाळी वेगळीच! पण तिचे कण पातळ रेझिनमध्ये तळाशी बसतात, म्हणून मिश्रण मधासारखं दाटल्यावरच ओतायचं. आपल्या खान्देशी मे महिन्यात ते कपातच तापून आळतं, तेव्हा हे काम पहाटेच. मायका हाताळताना तोंडाला मास्क हवाच.

आत वाळलेली फुलं दिसायला हवी असतील तर पारदर्शक लिक्विड, तेही थेंबभर. मोत्यासारखी चमक हवी असेल तर मायका. राख्यांसाठी मी मायकाच घेईन.