नवशिक्यांसाठीचा प्राण्यांचा ओरिगामी संच: काही महिन्यांच्या वापरानंतर

ओरिगामीचा हा संच मी काही महिने नियमित वापरला असून माझे मत एका वाक्यात सांगायचे तर तो पुस्तिकेसाठी नव्हे, कागदासाठी घ्यावा. संचात १५ आणि ७.५ सेंटिमीटर बाजूचे, एका अंगाने रंगीत व दुसऱ्या अंगाने पांढरे असे चौरस कागद आहेत. सोबतच्या पुस्तिकेत कुत्रा, मांजर, कोल्हा, देवमासा, उडी मारणारा बेडूक आणि शेवटी क्रौंच पक्षी असा क्रम दिला आहे.

कागदाची पहिली कसोटी म्हणजे त्याचा चौरसपणा. कर्णावर दुमडल्यावर या कागदांच्या कडा तंतोतंत जुळतात. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या गोष्टीवर पुढचे सगळे अवलंबून असते, कारण पहिल्या घडीत राहिलेला मिलिमीटरभर फरक पुढच्या प्रत्येक घडीत वाढत जातो आणि चोच किंवा शेपटी टोकदार होण्याऐवजी बोथट होते. घरच्या ए-फोर कागदाची ८७ मिलिमीटरची पट्टी कापून चौरस मिळतो हे खरे. कुत्र्याच्या तोंडाला तो पुरतोही. मात्र छपाईचा तो कागद जाड असल्याने क्रौंचाच्या मानेत थर साचतात आणि मान आत वळवताना कागद फुगतो. संचातला पातळ कागद तिथे नीट बसतो.

नेमका हाच पातळपणा बेडकाच्या बाबतीत आडवा येतो. बेडकाची उडी त्याच्या मागच्या दुहेरी घडीतल्या ताणातून येते: मागच्या कडेवर बोट दाबून सरकवले की दाबलेली घडी सुटते आणि बेडूक पुढे उसळतो. पातळ कागदात हा ताण लवकर संपतो आणि थोड्या वेळाने बेडूक नुसता सरपटतो. त्याच घड्या मी जरा कडक कागदावर घातल्या, तेव्हा त्याची उडी कितीतरी लांब गेली. प्रत्येक प्राण्याला कोणता कागद चालेल, याची एक ओळसुद्धा पुस्तिकेत नसावी याचे नवल वाटते.

आकृत्या मात्र नीटस आहेत. आत येणारी दरीघडी तुटक रेषेने आणि बाहेर जाणारी डोंगरघडी रेषा-टिंबांनी दाखवली आहे. जपानी कलावंत अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांच्या खुणांवर उभी राहिलेली ही पद्धत जगभर चालते. त्यामुळे ती एकदा अंगवळणी पडली की परक्या भाषेतल्या आकृत्याही वाचता येतात. कागदाची रंगीत बाजू प्रत्येक चित्रात करड्या छटेने दाखवली आहे, हेही चांगले. अन्यथा कुत्रा पांढराफेक निघतो.

खरी तक्रार क्रमाबद्दल आहे. देवमाशात दोन कडा कर्णाच्या रेषेवर आणायच्या, टोक दुमडायचे, आकार मधोमध मिटायचा आणि शेपटी वर वळवायची, इतकेच काम असते. क्रौंचाला मात्र चौरस आधार, म्हणजे पुढच्या घड्या ज्यावर घालायच्या तो दुमडलेला छोटा चौकोन, तयार करून त्याची एक पाकळी, म्हणजे वरचा थर, उचलावी लागते. त्यासाठी आधी दोन्ही खालच्या कडा मधल्या रेषेपर्यंत आणून वरचा त्रिकोण दुमडायचा आणि सगळे परत उघडायचे. मग खालचे टोक वर उचलताना काही घड्यांची दिशा उलटते आणि बाजू आपोआप आत येतात. एवढी हालचाल पुस्तिकेने एका चित्रात उरकली आहे. नवशिक्याचे हात इथेच थबकतात. मधे माशाच्या आधारावरचा (हाही असाच एक सुरुवातीचा दुमडलेला आकार, पण क्रौंचाच्या आधाराहून सोपा) एखादा प्राणी दिला असता, तर हा चढ सोपा झाला असता. तोवर वाचकाने पाकळीच्या घड्या आधी नखाने घट्ट बसवून मगच टोक उचलावे, हे उत्तम.

महिन्यांनंतर दिसलेला आणखी एक दोष म्हणजे गडद लाल आणि निळ्या कागदांवर, विशेषतः उलटवलेल्या घड्यांवर, रंग उडून पांढरी रेघ उमटते. फिक्या रंगांत ती जाणवत नाही, म्हणून सरावाला गडद आणि ठेवायच्या प्राण्यांना फिके कागद वापरणे सोयीचे पडते. छोटे कागद कुत्र्या-मांजराच्या तोंडांपलीकडे नवशिक्याच्या फारसे कामाचे नाहीत. त्यांच्या जागी बेडकासाठी थोडे कडक कागद दिले असते, तर संच अधिक उपयोगी झाला असता.