कमी सोडियमचे मीठ : दोन महिन्यांच्या वापरानंतर

माझा रक्तदाब सामान्य आहे. परंतु वडिलांच्या तिन्ही भावंडांना पन्नाशीनंतर गोळ्या सुरू झाल्या, हे लक्षात घेऊन मी दोन महिन्यांपूर्वी कमी सोडियमच्या मिठाचे एक किलोचे पुडके आणले. ‘सोडियम 30 टक्के कमी’ हे पुढच्या बाजूला ठळक छापले आहे, आणि त्या सोडियम क्लोराईडच्या जागी पोटॅशियम क्लोराईड घातले आहे, ही माहिती मागे बारीक अक्षरांत आहे. माझ्या मते या मिठाचे खरे मोल त्या मागच्या ओळीत आहे.

मिठाने प्रत्येकाचा दाब सारखाच चढत नाही. अमेरिकेतील इंडियाना येथे मायरन वाइनबर्गर आणि सहकाऱ्यांनी शिरेतून दोन लिटर सलाईन दिल्यानंतरचा दाब आणि दुसऱ्या दिवशी अत्यल्प मिठाचा आहार व लघवी वाढवणारे औषध दिल्यानंतरचा दाब यांची तुलना केली. 1986 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी दाब 10 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक उतरलेल्यांना मीठ-संवेदनशील मानले, आणि असे लोक सामान्य दाबाच्या गटात 26 टक्के, तर उच्च रक्तदाबाच्या गटात 51 टक्के निघाले. एरवी मीठ जास्त झाले की मूत्रपिंडे रेनिन (दाब वाढवणारी यंत्रणा सुरू करणारे विकर) कमी सोडतात, परिणामी अल्डोस्टेरॉन हे सोडियम धरून ठेवणारे संप्रेरक उतरते, जादा सोडियम लघवीवाटे जाते आणि रक्तवाहिन्या सैलावून वाढलेले रक्त सामावून घेतात. संवेदनशील माणसात या साखळीची एखादी कडी ढिली असते : कोणाचे रेनिन मुळातच कमी असते, कोणाच्या रक्तवाहिन्या पुरेशा सैलावत नाहीत, तर कोणाच्या मूत्रपिंडात जन्मतःच नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक, कमी असतात.

पोटॅशियमचे काम इथेच आहे. आहारात ते कमी पडले की मूत्रपिंडाच्या नलिकेतील दूरच्या भागात सोडियम परत शोषणारे प्रथिन अधिक सक्रिय होते. शरीर पोटॅशियम वाचवते, पण त्याची किंमत म्हणून सोडियम साठवते. म्हणजे हे मीठ एकीकडे सोडियम घटवते आणि दुसरीकडे ते बाहेर टाकण्यास हातभार लावते. चीनमधील 600 गावांत सुमारे 21 हजार लोकांवर झालेल्या, 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा मिठाने पक्षाघाताचे प्रमाण 14 टक्क्यांनी घटले. मात्र त्यांत पूर्वी पक्षाघात झालेले किंवा साठीपुढचे उच्च रक्तदाबाचे लोक होते, म्हणून तो आकडा निरोगी तिशी-चाळिशीतल्या माणसाला जसाच्या तसा लावू नये.

चवीचे म्हणाल तर आमसुलाच्या आमटीत, पिठल्यात किंवा उसळीत फरक जाणवत नाही. ताकात आणि काकडीच्या कोशिंबिरीत मात्र जिभेच्या मागे किंचित कडवट, धातूसारखी चव राहते. किंमत साध्या मिठाच्या दुपटीच्या आसपास पडली. आपल्याकडे बहुतेक मीठ घरच्या स्वयंपाकातूनच पोटात जात असल्याने असा बदल इथे अधिक उपयोगी ठरावा. पण ‘कमी सोडियम’ म्हणून हात सैल सोडला तर सगळेच फसते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ अशी आहे.

घरच्या यंत्रावर रोज सकाळी मोजलेला माझा वरचा दाब सरासरी तीन मिलिमीटरने उतरला, परंतु त्याच काळात मी पापड-लोणचेही कमी केल्याने याचे श्रेय एकट्या मिठाला देता येत नाही.

माझी खरी तक्रार इशाऱ्याबद्दल आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, तसेच टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोनसारखी पोटॅशियम वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ वापरू नये, कारण रक्तात पोटॅशियम साचले तर हृदयाची लय बिघडू शकते. ही सूचना पुडक्याच्या घडीखाली गेली आहे. माझे थोरले काका टेल्मिसार्टन घेतात, त्यामुळे ते जेवायला येणार असले की त्या दिवशीचा स्वयंपाक मी साध्या मिठाच्या जुन्या बरणीतूनच करते.