अल्फ्रेस्कोत नातं कोणतं लावायचं: चाइल्ड की पीअर?

पणजीत अल्फ्रेस्को या कागदपत्रं सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जमिनीच्या कागदांचं मॉडेल (कोणता कागद कशाला जोडायचा, त्याचा आराखडा) बांधताना आम्ही आधी चाइल्ड असोसिएशन, म्हणजे पालक-मूल नातं, घेतलं: प्रकरणाची फाइल पालक, एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या हक्कांचा) तिचं मूल. परवानग्या आपसूक वारशाने उतरतात, सोय मोठी. पण मुख्य (प्रायमरी) पालक डिलीट केला की पोरंही त्याच्यासोबत कचरापेटीत! चाचणीत म्हापशाची एक फाइल उडवली, तर दुसऱ्या प्रकरणाला लागणारा उताराही गेला. नशीब, चाचणीच होती.

पीअर असोसिएशनमध्ये, म्हणजे बरोबरीच्या नात्यात, दोघं स्वतंत्र. एक गेलं तर फक्त दुवा तुटतो. परवानग्या मात्र वेगळ्या लावायच्या, तेवढी कटकट.

फाइलीवरची टिपणं चाइल्डच बरी. उतारा, सर्व्हे प्लॅन चार प्रकरणांत फिरतात. त्यांना मी पीअरच देईन. फक्त मॉडेलमध्ये सोर्सचं (इथे फाइलीचं) ‘मेनी’ ट्रू आहे ना, म्हणजे एकच उतारा अनेक फाइलींना जोडता येतो ना, ते पाहा.