नव्या ट्रान्समच्या नावाखाली पुट्टी: फायबर होडीच्या दुरुस्तीत झालेली फसवणूक

"ट्रान्सम पूर्ण नवा, हॅचची झाकणं नवी, सगळं मरीन प्लायमध्ये." एवढ्या तोंडी बोलीवर एका ठेकेदाराने पावसाळी मासेमारी बंदीत आमची 24 फुटी जुनी फायबर होडी दुरुस्तीला घेतली आणि नारळी पौर्णिमेच्या तोंडावर चकचकीत रंगात परत केली. ट्रान्सम म्हणजे होडीची मागची उभी भिंत, जिच्यावर इंजिन बसतं; हॅच म्हणजे डेकमधली झाकणाची तोंडं. काही महिन्यांतच इंजिनच्या बोल्टांभोवती बारीक तडे गेले. ट्रान्सम उघडला तेव्हा वरची सहा इंच पट्टी तेवढी नवीन निघाली, आणि तीही साध्या प्लायची. खाली जुनं, काळं पडलेलं, ओलं लाकूड तसंच होतं. त्याला भोकं पाडून रेझिन (फायबर घट्ट धरणारा, वाळून कडक होणारा द्रव) ओतलेलं, बाहेरून गाड्यांच्या डेंटिंगची पुट्टी थापलेली आणि वर जेलकोट, म्हणजे होडीचा बाहेरचा चकचकीत लेप.

ही युक्ती का टिकत नाही, ते आधी सांगायला हवं. ओल्या लाकडात पॉलिएस्टर रेझिन मुरत नाही. भोकात त्याची कांडी तयार होते, भोवतीचं लाकूड कुजतच राहतं. 40 एचपीचं इंजिन खालून पंख्याने होडीला पुढे रेटतं, तेव्हा ब्रॅकेटचा खालचा भाग ट्रान्सममध्ये रुततो आणि वरचे बोल्ट मागे ओढले जातात. हा पिळा आतलं लाकूड आणि दोन्ही बाजूंचं फायबर एकजीव असेल तरच सोसला जातो. गाडीच्या पुट्टीत शंखजिऱ्याची भुकटी असते. ती पाणी शोषते आणि हादऱ्याने तडकते. इंजिन सुटून पाण्यात जाण्याआधी हे लक्षात आलं, हे नशीब.

प्लायमधली फसवणूक सगळ्यात सोपी, कारण ती फायबरखाली झाकली जाते. मरीन प्लायवर आयएसआय चिन्हासोबत आयएस 710 असा शिक्का असतो. दुकानात "वॉटरप्रूफ" म्हणून मिळणारा बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) प्लाय आयएस 303 चा असतो. तो स्वयंपाकघरातल्या कपाटांना चालतो, ट्रान्समला नाही. शीट कापण्याआधी शिक्क्यासकट फोटो घ्या आणि उरलेला तुकडा मागून घ्या. तो तुकडा काही तास उकळत्या पाण्यात ठेवा. थर सुटले तर माल खोटा. सुटले नाहीत म्हणून मात्र खरा ठरत नाही, कारण 710 ची उकळण्याची चाचणी 72 तासांची असते.

बिलातले आकडेही तपासता येतात. दीड मीटर रुंद आणि 60 सेंटीमीटर उंच ट्रान्सम म्हणजे 0.9 चौरस मीटर. 18 मिलिमीटरचे दोन थर धरले तरी 8 बाय 4 फुटांच्या एका शीटमध्ये काम भागतं. आम्हाला दोन शीट लावल्या होत्या. आतून चौरस मीटरला 450 ग्रॅमच्या मॅटचे (काचतंतूंचं न विणलेलं कापड) तीन थर आणि 600 ग्रॅमच्या रोव्हिंगचे (काचतंतूंचं जाड विणलेलं कापड) दोन, बाजूंवर चढवण्याची जागा धरून क्षेत्र 1.4 चौरस मीटर: मॅट सुमारे 1.9 किलो, रोव्हिंग 1.7 किलो. मॅट वजनाच्या दोन-अडीच पट रेझिन पिते, रोव्हिंग साधारण वजनाइतकं. म्हणजे साडेपाच ते साडेसहा किलो. प्लाय चिकटवणं, कोपरे भरणं आणि नासधूस धरून दहा-बारा किलो पुरे. 30 किलोचं बिल आलं तर हिशोब मागा. तीन-चार किलोतच काम उरकलं असेल तर जास्त घाबरा.

खरं काम असं दिसतं: आतलं फायबर कापून जुना प्लाय पूर्ण खरवडून काढतात, पोकळी सुकवतात, 40 नंबरच्या डिस्कने जुनं फायबर खरखरीत करून अ‍ॅसिटोनने पुसतात. प्लायच्या कडा आणि भोकं रेझिनने बंद करतात. ओल्या मॅटवर प्लाय बसवून बोल्ट किंवा क्लॅम्पने आवळतात. कोपऱ्यांना रेझिनच्या पुट्टीची गोलाई देतात, कारण काटकोनात मॅट बसत नाही, खाली हवा राहते. मग प्रत्येक थर आधीच्यापेक्षा पाचेक सेंटीमीटर पुढे, होडीच्या बाजूंवर चढलेला. पोकळी रिकामी असतानाचा फोटो मिळाल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नका. पूर्ण फसवणूक त्या एका टप्प्यात लपते.

पावसात मॅट दमट होते आणि थर दुधाळ दिसतो. उरकायची घाई असली की हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) वाढवतात. किलोभर रेझिनला 10 ते 20 मिलिलिटर हे प्रमाण. त्याहून जास्त पडलं तर जाड थर तापून तडकतो. रंगाआधी अ‍ॅसिटोनचं फडकं घासून बघा. पृष्ठभाग चिकट झाला तर रेझिन नीट वाळलेलं नाही. कोबाल्ट (रेझिन लवकर वाळावं म्हणून घालतात ते दुसरं रसायन) आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळताना कोणी दिसला तर काम तिथेच थांबवा, त्याने स्फोट होऊ शकतो.

बोल्टाची भोकं नुसती पाडली होती, लाकूड उघडं. 12 मिलिमीटरच्या बोल्टासाठी आधी 18 चं भोक पाडून घट्ट इपॉक्सीने भरायचं आणि वाळल्यावर मधोमध नवं पाडायचं. सील पॉलियुरेथेनचं लावा. सिलिकॉन एकदा लागलं की त्या जागी पुढे काहीच नीट चिकटत नाही.

हॅचची कथाही तीच. झाकणाला वरून एक थर देऊन कडेचा प्लाय उघडा ठेवला होता, म्हणून एका पावसात ती फुगली. बिजागऱ्या 316 स्टीलच्या म्हणून लावल्या, त्यांना लगेच गंज चढला. चुंबक चिकटत नाही हे दाखवून 316 असल्याची खात्री देतील, पण 202 या स्वस्त स्टीललाही चुंबक चिकटत नाही. 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते ओळखणारं रसायन स्टीलच्या व्यापाऱ्याकडे मिळतं.

होडी ताब्यात घेताना मडकं वाजवून घेतात तसा ट्रान्सम हातोडीने सगळीकडे वाजवा. बद्द आवाज आला तिथे आत पोकळी किंवा ओल आहे. इंजिन वर उचललेलं असताना खालचं टोक धरून वर-खाली दाबा आणि ट्रान्समची वरची कड बघा, ती हलता कामा नये. तरीही शंका राहिली तर आतून, खालच्या भागात, 4 मिलिमीटरचं भोक पाडा. भुसा पांढरट आणि कोरडा हवा. काळपट, ओला, आंबूस वासाचा निघाला तर उरलेले पैसे देऊ नका. भोक इपॉक्सीने पाच मिनिटांत बुजतं, त्यामुळे ठेकेदार "होडी खराब होईल" म्हणून अडवत असेल तर ते भोक त्याच्यासमोरच पाडा.